शिवरायांची राजमुद्रा

शिवरायांचा जन्म 1630 चा, शिवनेरीवरचा. वडील शहाजीराजांचा शिक्का फारसी, पण शिवरायांची अष्टकोनी मुद्रा संस्कृतात. चंद्रकोरीसारखी वाढणारी ही मुद्रा लोककल्याणासाठी आहे, असा तिचा अर्थ.

28 जानेवारी 1646 च्या पत्राच्या माथ्यावर ती आहे. रांझ्याच्या पाटलाने एका बाईवर अत्याचार केला, त्याचे हातपाय तोडले, असं ते पत्र. राजांना तेव्हा सोळा वर्षंही पूर्ण नव्हती बघा!

पत्राच्या शेवटी दुसरी छोटी मुद्रा असायची, म्हणजे खाली कुणी मजकूर घुसवू नये. आमच्या मानवतच्या पोरांना हेच जास्त आवडतं. 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला, 1680 ला राजे तिथंच गेले. मुद्रेचा अष्टकोन 2022 पासून नौदलाच्या ध्वजावर आहे.