पडद्यावरील संत सखू : कै. हंसाबाई वाडकर

स्त्री-संतांची नावे घेऊ लागले की मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई यांच्या मागोमाग कऱ्हाडच्या सखूचे नाव ओठावर येतेच. बोवांनी सखूचे आख्यान लावले म्हणजे मंडपात बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांकडे जायला वेळ लागत नाही. कृष्णाकाठची ही सासुरवाशीण. सासूचा जाच, नवऱ्याचा मार, पोटाला पुरते अन्न नाही. एके दिवशी पाण्याला गेली असता पंढरीची दिंडी दिसली आणि घागर टाकून ती निघाली. घरच्यांनी फरफटत आणून खांबाला बांधली. मग देव स्वतः सखूचे रूप घेऊन आला, तिला सोडले आणि तिच्या जागी आपण बांधून घेतला. ही कथा ठाऊक नाही असा वारकरी शोधून सापडायचा नाही.

पण वाचकहो, सखूची मूर्ती डोळ्यांपुढे आणा म्हटले तर मागच्या पिढीतल्या कित्येकांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चेहरा उभा राहत असे. तो चेहरा होता हंसाबाई वाडकर ह्यांचा. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 1941 साली ‘संत सखू’ हा चित्रपट काढला, त्यात सखूचे काम हंसाबाईंनी केले. त्यांचेच चरित्र ह्या महिन्यात आम्ही मांडीत आहो.

नटीचे चरित्र ह्या पानांवर कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणणाऱ्यांचा राग आम्ही धरत नाही. पण आधी सगळे ऐकून घ्यावे आणि मग काय तो निवाडा करावा, एवढीच विनंती.

हंसाबाईंचा जन्म 1923 सालचा, मुंबईचा. मूळचे नाव रतन साळगावकर. घराणे सावंतवाडीकडचे, कलावंतिणींच्या वंशातले. गाणे-बजावणे रक्तातच होते म्हणा ना. पण त्या काळी अशा घराण्यातल्या मुलीकडे लोक कोणत्या नजरेने पाहत, ते आम्ही निराळे सांगायला नको. आपल्या कान्होपात्रेची गोष्ट आठवा. मंगळवेढ्याच्या श्यामा नायकिणीची ही लेक. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले, तेव्हा तिने पांडुरंगाच्या पायांवर देह ठेवला. राऊळाच्या आवारातला तरटीचा वृक्ष अजून तिची आठवण देतो. कुळाचा शिक्का माणसाच्या पाठीशी कसा लागतो हे वारकऱ्यांना नव्याने शिकवावे लागत नाही.

रतनच्या घरी पैशाची ओढ होती आणि वडिलांना दारूचे व्यसन होते. मुलीचे शिक्षण फार झाले नाही. आत्या इंदिराबाई वाडकर गाण्यात आणि सिनेमात नाव मिळवून होत्या. तोच मार्ग रतनला दाखवण्यात आला. साळगावकरांचे नाव सिनेमात नको, म्हणून आडनाव वाडकर घेतले आणि रतनची हंसा झाली. 1936 साली ‘विजयाची लग्ने’ हा पहिला चित्रपट आला, तेव्हा मुलीचे वय अवघे तेरा वर्षांचे. ज्या वयात आपल्या पोरी ठिकऱ्या खेळतात त्या वयात ही पोर घर चालवू लागली.

आम्ही गांधीबागेत राहणारी माणसे. आजूबाजूला कापडाच्या पेढ्या, आणि लक्ष्मीपूजनाला देवाइतकाच मान वह्यांना. त्यामुळे कमाई कोणाची आणि खाते कोणाच्या नावावर, हा प्रश्न आमच्या मनात आधी येतो. हंसाबाईंच्या वहीत जमेची बाजू पुष्कळ मोठी होती, पण ती वही त्यांच्या हातात फारशी कधी आलीच नाही. आधी माहेर, मग सासर, असे त्यांच्या मिळकतीचे धनी बदलत गेले.

लग्न लहानपणीच झाले. वय पंधराच्या आसपास. नवरा जगन्नाथ बंदरकर, वयाने पुष्कळ मोठा आणि घराच्या ओळखीतला. लग्नापूर्वीच दिवस गेले होते. लग्न झाले की सिनेमा सोडायचा, चूल सांभाळायची, मुलेबाळे वाढवायची, एवढीच त्या मुलीची हौस होती. आता ही काय मोठी मागणी झाली? गावोगाव लाखो बायका तेच करीत असतात आणि त्याचा कंटाळाही करतात. पण हंसाबाईंना ते सुख मिळाले नाही. नवऱ्याने त्यांना पुन्हा कामाला जुंपले. वर संशय होता, भांडणे होती, मारही होता. एक मुलगी झाली. आणखी मुले हवी होती, ती होऊ दिली गेली नाहीत. पुढे त्यांनी आपली हकीकत सांगितली तेव्हा त्यात ही संसाराची भूक पानोपानी दिसली.

काम मात्र वाढत चालले. 1939 साली बॉम्बे टॉकीजच्या ‘नवजीवन’ ह्या हिंदी चित्रपटात त्या नायिका झाल्या. ‘दुर्गा’ आणि ‘आझाद’ हे त्याच कंपनीचे चित्रपट. आणि मग प्रभातचे बोलावणे आले.

प्रभात कंपनीशी आपला संबंध काय, हे तरुण वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. एकनाथ महाराजांवरचा ‘धर्मात्मा’ 1935 साली, ‘संत तुकाराम’ 1936 साली, ‘संत ज्ञानेश्वर’ 1940 साली, असे संतचरित्रांवरचे चित्रपट ह्या कंपनीने काढले. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा पाहून लोक पडद्याला हात जोडीत. तो चित्रपट इटलीत व्हेनिसच्या महोत्सवातही नावाजला गेला. दामले आणि फत्तेलाल, एक हिंदू आणि एक मुसलमान, ह्या जोडीने तो दिग्दर्शित केला होता. त्याच दोघांनी राजा नेन्यांना सोबत घेऊन ‘संत सखू’ उभा केला. तुकोबांची आवली ज्यांनी अजरामर केली त्या गौरीबाई येथे सखूची सासू झाल्या. सखू झाल्या हंसाबाई. वय अठरा.

ह्या कामातली मेख अशी की सखू एक नव्हे, दोन उभ्या करायच्या. एक खरी सखू, भ्यालेली, राबलेली, पंढरीकडे डोळे लागलेली. दुसरी सखूच्या वेषातला देव, जो दळण दळतो, पाणी भरतो, सासूचे पाय चेपतो, मार खातो आणि वर हसतो. लुगडे तेच, कुंकू तेच, अंगावरचे वळही तेच. फरक दाखवायचा तो डोळ्यांतला. अठरा वर्षांच्या हंसाबाईंनी ही दोन्ही रूपे उभी केली. जाचातली सून कशी चालते, हाक आली म्हणजे तिचे खांदे कसे आखडतात, हे त्यांना निराळे शिकावे लागले असेल असे आम्हास वाटत नाही. पडद्यावर खांबाला बांधलेल्या सखूला सोडवायला देव आला. काम संपले, कुंकू पुसले, आणि हंसाबाई घरी परतल्या त्या आपल्या खांबाशी. तेथे कोणी आले नाही.

पुढे 1947 साली शांतारामबापूंच्या राजकमलने ‘लोकशाहीर रामजोशी’ काढला. जयराम शिलेदार रामजोशी आणि हंसाबाई बया. गदिमांची लेखणी, वसंत देसायांचे संगीत, आणि फडावरचे सवाल-जवाब. महाराष्ट्र वेडा झाला. तमाशाचे मराठी चित्रपट पुढे अनेक निघाले, त्यांची वाट ह्या चित्रपटाने पाडली. रामजोशी हे कीर्तनाचे आणि लावणीचे दोन्ही अंगांचे पुरुष, म्हणून कीर्तनकार मंडळींतही ह्या चित्रपटाची चर्चा असे. 1949 साली ‘संत जनाबाई’, 1950 साली राजाभाऊ परांजप्यांचा ‘पुढचं पाऊल’, ज्यात पु. ल. देशपांडेही होते. आणि 1959 साली अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’. तमाशातली चिमा, दुसऱ्याच्या पोरक्या लेकीला पोटच्यासारखी वाढवणारी, हे काम हंसाबाईंचे. पुण्याच्या विजयानंद थिएटरात हा चित्रपट 132 आठवडे चालला. अडीच वर्षे, बरं का! सकाळी फळ्यावर नवे नाव लिहायची पाळीच आली नाही.

बाहेर अशी कीर्ती, आणि आत? मध्यंतरी एकदा घरच्या भांडणाला कंटाळून बाई एका माणसाबरोबर निघून गेल्या. त्याने त्यांना मराठवाड्यातल्या आपल्या गावी नेले. पाहतात तो घरात आधीच्या बायका हजर. ज्या चुलीची त्यांना आयुष्यभर हौस होती ती तेथे मिळाली, पण तिच्याबरोबर कैदही मिळाली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची मोकळीक नव्हती. ज्यांच्या चेहऱ्यासाठी शहरांत तिकिटाला रांगा लागत, त्या ह्या बाई तीन वर्षांच्या आसपास तेथे राबत होत्या. शेवटी चोरून नवऱ्याला पत्र धाडले, तेव्हा तो पोलीस घेऊन आला. आणि सुटकेच्या वाटेवर, ज्या अधिकाऱ्यापुढे जबाब द्यायचा होता त्यानेच अत्याचार केला, असे त्यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. लिहिताना आमचा हात अडखळतो. पण सांगणारीचा आवाज अडखळला नाही, तर आम्ही झाकून का ठेवावे?

दारूचे व्यसनही त्यांना लागले. तेही त्यांनी लपवले नाही. वडिलांच्या ज्या पेल्याने त्यांना तेराव्या वर्षी कामाला लावले, तोच पेला त्यांच्याही हातात आला. व्यसनाचे समर्थन आम्ही करीत नाही. गळ्यात तुळशीची माळ घालताना आपण काय सोडतो ते आपण जाणतो. पण कोणी का पडला हे न विचारता पडलेल्याला दगड मारणे, हे संतांच्या घरचे वळण नव्हे.

आता ह्या चरित्रातला जो भाग आम्हास सर्वांत मोठा वाटतो, तो सांगतो. उतारवयात, शरीर थकले असताना, हंसाबाईंनी आपली सारी हकीकत तोंडी सांगितली आणि अरुण साधूंनी ती शब्दांत उतरविली. आधी ‘माणूस’मध्ये आणि मग 1970 साली पुस्तकरूपाने ती आली. नाव तेच, ‘सांगत्ये ऐका’. त्या काळी नामांकित बाईने असे उघडे बोलणे ही साधी गोष्ट नव्हती. दुसऱ्यांचे दोष सांगितले तसे आपलेही सांगितले. रडगाणे गायले नाही, की स्वतःला सतीसावित्री म्हणवून घेतले नाही. पुढच्याच वर्षी, 1971 साली, पन्नाशीही गाठली नसताना त्या गेल्या. 1977 साली श्याम बेनेगलांनी त्या पुस्तकावरून ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला आणि त्यातल्या कामासाठी स्मिता पाटील ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जिने दुसऱ्यांची सोंगे वठवली, तिचे स्वतःचे जिणे आता दुसरीने वठवले.

मंडळी, संत झालेली सखू एक आणि सखूचे काम करणारी नटी एक. ह्या दोघींना आम्ही एका पाटावर बसवीत नाही. तसे केले तर हंसाबाईंनाच ते रुचले नसते, इतक्या त्या सरळ होत्या. पण दोघींचा खांब एकच होता, हे कोण नाकारील? राबायचे हिने, हिशेब दुसऱ्याने ठेवायचा, आणि हिची इच्छा काय हे कोणी विचारायचे नाही. आख्यानात देवाने ते विचारले, म्हणून आपण टाळ्या वाजवतो. आख्यान संपवून घरी गेल्यावर आपण ते विचारतो काय? सखूच्या सासूला शिव्या देणे सोपे आहे. आपल्या माजघरात ती सासू, तो नवरा बसलेला नाही ना, हे पाहणे अवघड.

विदर्भातल्या आपल्याला तर ह्यात निराळा मान आहे. पंढरीत देह ठेवलेल्या सखूला रुक्मिणीमातेने पुन्हा उठविले, आणि रुक्मिणीमातेचे माहेर आपले कौंडण्यपूर. दर आषाढीला मातेची पालखी तेथून पंढरीला जाते. लेकीच्या माहेरची माणसे आहोत आपण. तेव्हा वारीची यादी धरताना घरातल्या सुनेला एकदा विचारा की बाई, तुझ्या मनात आहे काय. ती कमावती असेल तर तिची कमाई तिच्या हाती आहे काय, हेही पाहा. आणि कधी जुना ‘संत सखू’ पाहण्याचा योग आला तर सखूला हात जोडा, आणि तिचे रूप घेतलेल्या त्या अठरा वर्षांच्या मुलीसाठीही एकवार नाम घ्या.

रामकृष्णहरि.