जोसेफ मारी जॅकार्ड : एका विणकराचे चरित्र

आमच्या ढोकीजवळचे तेर, म्हणजेच प्राचीन तगर, एके काळी कापडाविषयी दूरदेशी प्रसिद्ध होते. तेथील सुती वस्त्रे गाड्यांवर लादून भडोच बंदरी नेत, असा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात आढळतो. त्याच आमच्या मुलखात आज घरोघरी सोलापुरी चादर अंथरलेली दिसते. तिच्यावरील नक्षी ज्या यंत्राने उठविली जाते, त्यास ते सिद्ध करणाऱ्या फ्रेंच विणकराचेच नाव पडले आहे. त्याचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहो. कारण संगणकात माहिती कशी साठविली व मोजली जाते, हे समजण्यास ह्या विणकराच्या मागापासून आरंभ करणे फार सोयीचे आहे.

जोसेफ मारी जॅकार्ड ह्याचा जन्म फ्रान्स देशातील लिआँ शहरी ७ जुलै १७५२ रोजी झाला. बाप रेशमी कापड विणणारा कारागीर होता. बालपणी जोसेफास शिक्षण मिळाले नाही. तेरा वर्षांचा होईपर्यंत त्यास अक्षरओळखही नव्हती. पुढे छापखाना चालविणाऱ्या मेहुण्याने त्यास लिहावयास-वाचावयास शिकविले. आई लहानपणीच वारली होती. १७७२ साली बापही वारला. वारशाने घर व माग हाती आले, परंतु संसारात यश येईना. १७७८ साली विवाह झाला आणि त्यानंतर कर्ज वाढत गेले. १७९३ साली राज्यक्रांतीच्या धुमाळीत तो लिआँ शहराच्या रक्षणार्थ लढला. पुढे सैन्यात असता त्याचा एकुलता एक मुलगा त्याच्या शेजारीच लढताना ठार झाला. असा दुःखाचा घाव सोसून तो आपल्या गावी व आपल्या मागाकडे परत आला.

त्या काळी नक्षीचे रेशीम विणणे अतिशय कष्टाचे असे. विणकराशेजारी एक पोर बसून, नक्षीप्रमाणे ताण्याचे ठराविक दोरे दिवसभर ओढून धरी. हे काम यंत्राकडून करवावे असा विचार जॅकार्डच्या पूर्वीही बूशों, फाल्कों व व्होकांसों ह्या कारागिरांनी केला होता. जॅकार्डने पॅरिस येथे व्होकांसोंचा जुना माग पाहिला, पूर्वसूरींच्या युक्त्या एकत्र केल्या आणि १८०४ च्या सुमारास आपले यंत्र सिद्ध केले. त्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. जेथे भोक असेल तेथून सुई आरपार जाते व ताण्याचा धागा वर उचलला जातो. जेथे भोक नसेल तेथे सुई अडते व धागा खालीच राहतो. एक पुठ्ठा म्हणजे विणीची एक ओळ.

नेपोलियनच्या राजवटीत हे यंत्र सार्वजनिक मालमत्ता ठरून जॅकार्डास निवृत्तिवेतन मिळाले. परंतु लिआँचे विणकर खवळले. आपल्या मुलाबाळांच्या तोंडचा घास हे यंत्र हिरावून घेईल, अशी त्यांची भीती होती. ती अगदीच निराधार होती असे आम्हांस म्हणवत नाही. पोराच्या पाठीवरील ओझे उतरले हे खरे, पण त्याची मजुरीही गेली. तथापि यंत्र टिकले. १८१२ पर्यंत फ्रान्सात असे सुमारे ११,००० माग चालू झाले होते. ७ ऑगस्ट १८३४ रोजी ऊलाँ ह्या गावी जॅकार्ड मरण पावला.

त्याच्या पश्चात, १८३९ साली, त्याच्याच यंत्रावर रेशमात त्याचे चित्र विणण्यात आले. त्यास २४,००० पुठ्ठे लागले व प्रत्येकावर भोकांच्या हजाराहून अधिक जागा होत्या. ह्या चित्राची एक प्रत इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज ह्याच्या संग्रही होती आणि आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी त्याने असेच पुठ्ठे योजिले. पुढे १८९० साली अमेरिकेच्या खानेसुमारीत हॉलेरिथ ह्याने भोकांच्या पत्त्यांवरच गणना केली.

आता ह्या चित्राचे माप आजच्या मापात कसे आणावे? धान्य तेच, माप वेगळे, हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस ठाऊक आहे. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, हे त्यांनी हिशेब करून पाहिलेले असेल. येथेही तसेच करावे. भोक आहे की नाही, एवढा एक निर्णय म्हणजे एक बिट. आठ बिट मिळून एक बाइट. पुठ्ठ्यावर हजारच जागा धरल्या तरी २४,००० पुठ्ठ्यांचे २,४०,००,००० बिट, म्हणजे ३०,००,००० बाइट, अर्थात ३ मेगाबाइट होतात. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने जी पहिली डिस्क बाजारात आणली, तिच्या ५० तबकड्यांवर ५० लाख अक्षरे मावत. परंतु ते अक्षर सहा बिटांचे होते. म्हणून आजच्या हिशेबाने तिची धारणा ५ नव्हे, तर पावणेचार मेगाबाइटच भरते.

पायली जशी गावोगाव निराळी असे, तसेच संगणकातही घडले. किलो म्हणजे कोणी १,००० धरी, कोणी १,०२४. ज्या फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट छापलेले असे, तीत १,४४० × १,०२४ म्हणजे १४,७४,५६० बाइट मावत. येथे तर दोन्ही मापांची सरमिसळच झाली! जॅकार्डच्या चित्रासाठी अशा दोन फ्लॉपी पुरत नाहीत, तिसरी घ्यावी लागते. उलट १६ गिगाबाइटच्या, बोटाएवढ्या साधनात तशी पाच हजारांहून अधिक चित्रे सहज मावतील. म्हणून जुने माप नव्यात आणताना वरचे नाव पाहून फसू नये. अगदी खालचा दाणा मोजावा.

विद्यार्थ्यांनो, तेराव्या वर्षी अक्षर शिकलेल्या मनुष्याचे हे काम आहे. एक भोक चुकले तर नक्षीतील एक धागा बिघडतो. लहानशा कामी विश्वासू राहणाऱ्याच्या हातूनच देव मोठी नक्षी विणून घेतो, अशी आमची श्रद्धा आहे. पुढील वेळी सोलापुरी चादर अंथराल तेव्हा तिच्या नक्षीकडे क्षणभर निरखून पाहा, आणि ज्या मुलांचे हात तो दोरा ओढून थकले, त्यांचीही आठवण ठेवा.