मेघनाद साहा आणि अणुविज्ञानाचा बंद दरवाजा

सातारच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालभीमाचे नाव दाखल झाले आणि वर्गात त्यांना वेगळे बसावे लागले. हा इतिहास आम्ही सातारा-सांगलीकर विसरत नाही. परंतु त्याच काळात बंगालातही एक मुलगा असेच चटके सोसत शिकत होता, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते.

मेघनाद साहा १८९३ साली ढाका जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मले. वडील किरकोळ दुकानदार, जात खालची मानलेली. एका डॉक्टरने घरी ठेवून घेतले म्हणून शाळा सुटली नाही. पुढे कलकत्त्याच्या वसतिगृहात सवर्ण मुलांनी त्यांच्या पंक्तीला जेवण्यास नकार दिला. याच साहांनी १९२० साली असे समीकरण मांडले, की ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचे तापमान कळू लागले.

नंतर ते अणुकेंद्राकडे वळले. कलकत्त्यात त्यांनी उभारलेल्या अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेचे उद्घाटन ११ जानेवारी १९५० रोजी इरेन जोलिओ-क्युरी यांनी केले. आज ती संस्था साहांच्या नावाने ओळखली जाते. न्यूट्रॉन जादा झाले की काही अणुकेंद्रे गोल न राहता लांबोळकी होतात. असे केंद्र गरगर फिरते आणि वेग उतरताना ठराविक पायऱ्यांनी गॅमा किरण सोडते. त्या पायऱ्या मोजून केंद्राचा आकार ओळखतात. या कामासाठी देशातील संस्थांनी मिळून 'इंगा' ही गॅमा शोधकांची रचना उभारली. ती दिल्ली, मुंबई व कोलकाता येथे आळीपाळीने चालली. साहांची संस्थाही त्यात भागीदार आहे.

अणुसंशोधन मूठभर सरकारी संस्थांत गुप्ततेच्या पडद्याआड नेऊ नये, आधी विद्यापीठे बळकट करावीत, असा साहांचा आग्रह होता. १९५२ साली ते लोकसभेत गेले व तेथेही हा प्रश्न त्यांनी लावून धरला. त्यांचे ऐकले गेले नाही. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

वकील म्हणून आम्ही एका कलमाकडे लक्ष वेधतो. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेशाच्या आरक्षणाचा कायदा २००६ चा. त्याच्या कलम ४ ने काही संशोधन संस्था आरक्षणातून वगळल्या. त्या यादीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, आणि खुद्द साहांची संस्थाही आहे! ज्याला पंक्तीतून उठविले, त्याच्याच नावाच्या दारावर ही पाटी लागली. सातारा-सांगलीच्या आमच्या मुलांनी भौतिकशास्त्र शिकावे, त्या दारापर्यंत जावे. आणि चळवळीने ती पाटी उतरविण्याची मागणी करावी.