जॉन शॉ बिलिंग्ज

जॉन शॉ बिलिंग्ज (१२ एप्रिल १८३८ – ११ मार्च १९१३) हे अमेरिकन लष्करी शल्यचिकित्सक, ग्रंथपाल व सूचिकार होते. वैद्यक व औषधशास्त्रातील संशोधन-लेखांची विषयवार सूची करण्याच्या आधुनिक पद्धतीचा पाया त्यांनी घातला.

प्रारंभिक जीवन

बिलिंग्ज यांचा जन्म अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. १८५७ मध्ये ते ओहायोतील मायामी विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि १८६० मध्ये सिनसिनाटी येथील मेडिकल कॉलेज ऑफ ओहायो येथून त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली. पदवीसाठी त्यांनी अपस्मारावरील शस्त्रक्रिया या विषयावर प्रबंध लिहिला. त्यासाठी लागणारी माहिती असंख्य नियतकालिकांत विखुरलेली होती आणि देशातील कोणत्याही एका ग्रंथालयात ती एकत्र मिळत नव्हती. या अनुभवाने त्यांच्या पुढील कार्याची दिशा ठरवली. अमेरिकन यादवी युद्धात त्यांनी लष्करी शल्यचिकित्सक म्हणून सेवा केली; गेटिसबर्गच्या लढाईतील जखमींवरही त्यांनी उपचार केले.

ग्रंथालय व सूचीकार्य

१८६४ च्या अखेरीस बिलिंग्ज यांची वॉशिंग्टन येथील लष्कराच्या सर्जन जनरल कार्यालयात नेमणूक झाली. तेथील ग्रंथालयात तेव्हा सुमारे २,३०० ग्रंथ होते. १८९५ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा ही संख्या एक लाखाच्या पुढे गेली होती. तथापि केवळ संग्रह वाढवून वाचकाची अडचण दूर होत नाही, हे त्यांनी ओळखले होते. एखाद्या औषधाविषयी काय लिहिले गेले आहे हे शोधणाऱ्याला लेखकाचे नाव ठाऊक असतेच असे नाही. म्हणून त्यांनी ग्रंथांबरोबरच नियतकालिकांतील प्रत्येक महत्त्वाच्या लेखाची विषयानुसार नोंद करण्याचे ठरवले. ते स्वतः नियतकालिके चाळून नोंदवायच्या लेखांवर खुणा करीत आणि कारकून त्या नोंदी पत्रांवर उतरवून घेत.

१८७६ मध्ये या सूचीचा नमुना प्रसिद्ध झाला. ‘इंडेक्स-कॅटलॉग’चा पहिला खंड १८८० मध्ये निघाला व १८९५ पर्यंत पहिल्या मालेचे १६ खंड पूर्ण झाले. त्यात लेखकनामे व विषय एकाच वर्णक्रमात गुंफलेले होते. मात्र एका वर्णाक्षराची पाळी येईपर्यंत वर्षे लोटत. नवे लेख त्वरित कळावेत म्हणून बिलिंग्ज यांनी रॉबर्ट फ्लेचर यांच्या साहाय्याने १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ ही मासिक सूची सुरू केली. वर्गणीदार कमी असल्याने ती सतत तोट्यात राहिली आणि १८९९ मध्ये बंद पडली. १९०३ मध्ये वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या अर्थसाहाय्याने तिचे पुनरुज्जीवन झाले.

इतर कार्य

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचा (१८८९) आराखडा बिलिंग्ज यांच्या कल्पनेनुसार तयार झाला. जनगणनेची आकडेमोड यंत्राने करता येईल, अशी सूचना त्यांनी हर्मन हॉलेरिथ यांना केली होती. हॉलेरिथ यांची छिद्रपत्र-यंत्रे १८९० च्या जनगणनेत वापरली गेली. १८९६ पासून अखेरपर्यंत ते न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाचे पहिले संचालक होते. ग्रंथालयाची फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील इमारत १९११ मध्ये खुली झाली. त्यांचे निधन न्यूयॉर्क येथे झाले व अंत्यसंस्कार आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत झाले.

वारसा

बिलिंग्ज यांनी वाढवलेले ग्रंथालय आज अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय म्हणून ओळखले जाते. या ग्रंथालयाने १९६० मध्ये ‘मेश’ ही नियंत्रित विषयशीर्षकांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यामुळे एकाच औषधाची निरनिराळी नावे वापरणारे लेख एका शीर्षकाखाली येतात. शिवाय मात्रा, दुष्परिणाम यांसारखी उपशीर्षके जोडून शोध नेमका करता येतो. १९६४ मध्ये सूचीचे काम संगणकावर गेले, १९७१ मध्ये ‘मेडलाइन’ ही सेवा सुरू झाली आणि १९९७ पासून ‘पबमेड’द्वारे ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाली. छापील ‘इंडेक्स मेडिकस’ २००४ मध्ये थांबले. औषधाच्या दुष्परिणामांविषयीचा लेख नोंदीअभावी सापडला नाही, तर तो असून नसल्यासारखाच ठरतो. बिलिंग्ज यांच्या कार्याचे महत्त्व त्यातच आहे.