४२.३४ मीटर : उषा मेहता

संदेशवहनाच्या प्रकरणात एक ठरलेले उदाहरण असते : तरंगलांबी दिली आहे, वारंवारता काढा. त्यात ४२.३४ मीटर हा आकडा घालून पाहावा. प्रकाशाचा वेग, म्हणजे सेकंदाला ३० कोटी मीटर, याला ४२.३४ ने भागले की सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ येतात. १९४२ साली मुंबईतून चाललेल्या गुप्त काँग्रेस रेडिओची ही तरंगलांबी. तो चालविणाऱ्या उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या.

त्यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळील सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश अमदानीत न्यायाधीश होते. विल्सन महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली ती तत्त्वज्ञानाची, भौतिकशास्त्राची नव्हे. हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. पुढे कायद्याचा अभ्यास सुरू असतानाच ‘छोडो भारत’ची हाक आली. नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर बंधने आली. तेव्हा बाबूभाई खाकर आदी सहकाऱ्यांसह त्यांनी नभोवाणीचा मार्ग धरला. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनी साधनसामग्री पुरविली. राममनोहर लोहिया व अच्युतराव पटवर्धन यांचे साहाय्य लाभले.

मनुष्याचा आवाज सरळ अँटेनातून का पाठविता येत नाही? ३ किलोहर्ट्झच्या ध्वनिसंकेताची तरंगलांबी १०० किलोमीटर भरते आणि अँटेना तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे २५ किलोमीटर लांब लागते. चर्चगेटपासून थेट अंधेरीच्याही पुढे! म्हणून आवाज उच्च वारंवारतेच्या वाहक लहरीवर चढवावा लागतो. लहरीचा आयाम आवाजाप्रमाणे कमीजास्त होतो. हेच आयाम मॉड्युलेशन. ४२.३४ मीटरच्या लहरीला सुमारे साडेदहा मीटरची तार पुरते आणि ती एखाद्या इमारतीत लपविता येते.

लहर मात्र लपविता येत नाही. अँटेनाचे वेटोळे फिरवून संकेत कोणत्या दिशेने येतो ते कळते, आणि दोन ठिकाणांहून काढलेल्या दिशारेषा जेथे छेदतात तेथे प्रक्षेपक सापडतो. पोलिसांच्या शोधगाड्या हेच गणित सोडवीत होत्या. त्यावर उपाय एकच, उत्तर मिळण्यापूर्वी जागा बदलणे. प्रक्षेपक या घरातून त्या घरात हलत राहिला. चिमूर-आष्टीच्या ज्या वार्ता छापण्यास वृत्तपत्रे धजत नव्हती, त्या या लहरीवरून लोकांच्या कानी पडल्या.

अखेर गणिताने नव्हे, तर फितुरीने घात केला. एका तंत्रज्ञाकडून पोलिसांना ठावठिकाणा कळला आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रक्षेपण सुरू असतानाच छापा पडला. दारावर धक्के बसत असता ‘वंदे मातरम्’ची ध्वनिमुद्रिका पूर्ण वाजू दिली गेली. पुढे कित्येक महिने चौकशी चालली. उषाबेनांनी एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. न्यायालयातही, उत्तर देणे बंधनकारक नाही हे न्यायाधीशांकडून जाणून घेऊन, त्या मौनच राहिल्या. चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगातून त्या १९४६ मध्ये सुटल्या, त्या प्रकृती खालावूनच.

नंतर गांधीविचारावर प्रबंध लिहून त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली व आपल्याच विल्सन महाविद्यालयात सुमारे तीस वर्षे अध्यापन केले. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. दरवर्षी ९ ऑगस्टला त्या ऑगस्ट क्रांती मैदानावर जात. २००० साली अंगात ताप असतानाही गेल्या. ११ ऑगस्टला त्यांचे निधन झाले.