मुख्याध्यापिका सावित्रीबाई फुले : शाळा चालवणाऱ्या माणसाला कोण सांभाळतं?



3 जानेवारी आला की आपल्या सगळ्या शाळांत सावित्रीबाई फुले यांची जयंती साजरी होते. मुली नऊवारी नेसून येतात, कपाळावर आडवी चिरी लावतात, भाषणं होतात. पहिली शिक्षिका, स्त्रीशिक्षणाची जननी, शेणाचे गोळे झेलणारी माउली, हे सगळं आपण दरवर्षी सांगतो आणि ते खरंच आहे. पण सावित्रीबाई नुसत्या शिक्षिका नव्हत्या, त्या मुख्याध्यापिकाही होत्या. शाळा उभी करायची, पट वाढवायचा, हाताखाली शिक्षक मिळवायचे, पैसा कमी पडला तरी शाळा बंद पडू द्यायची नाही, आणि हे सगळं करताना स्वतःचं मन खचू द्यायचं नाही, हे त्यांचं रोजचं काम होतं. आज आपल्या गावातल्या शाळेचे मुख्याध्यापकही वेगळं काय करतात? म्हणून या लेखात सावित्रीबाईंचं चरित्र आपण त्यांच्या त्या खुर्चीच्या बाजूने बघूया.

बालपण आणि शिक्षण

सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगाव इथे झाला. हे गाव आज खंडाळा तालुक्यात येतं. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. 1840 मध्ये नऊ वर्षांच्या सावित्रीचं लग्न पुण्याच्या जोतिराव फुल्यांशी झालं. तेव्हा जोतिरावांचं वय होतं तेरा.

सासरी आल्यावर जोतिरावांनीच त्यांना शिकवायला सुरुवात केली. शेतात काम करता करता अक्षरओळख झाली. पुढचं शिक्षण जोतिरावांचे मित्र सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी पुढे नेलं. म्हणजे बघा, सावित्रीबाई शिक्षिका व्हायच्या आधी त्यांच्यासाठी दोन-तीन माणसांनी आपला वेळ दिला होता. शिक्षक आपोआप तयार होत नाही, त्याला कुणीतरी तयार करावं लागतं. या चरित्रात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल.

पहिली शाळा आणि पहिला खंड

1848 मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. आज सतरा वर्षांची मुलगी अकरावी-बारावीत असते, हे एकदा डोळ्यांपुढे आणा. शाळेची स्वतःची इमारत नव्हती. एका मित्राने आपला वाडा दिला म्हणून शाळा भरली.

पण शाळा उघडणं एक आणि टिकवणं दुसरं. लोकांचा विरोध घरापर्यंत पोचला. जोतिरावांचे वडील गोविंदराव यांच्यावर समाजाचं दडपण आलं आणि 1849 मध्ये या नवरा-बायकोला घर सोडावं लागलं. डोक्यावरचं छप्पर गेलं, तिथे शाळेचं काय होणार? काम काही काळ थांबलं. त्या वेळी उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात आसरा दिला. शेख कुटुंबातल्या फातिमा शेख पुढे सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या. भाषणात आपण हा बंद पडण्याचा काळ सहसा सांगत नाही. पण तो सांगायला हवा. शाळा एकदा थांबली म्हणजे मुख्याध्यापक हरला असं नसतं, हे त्यातून कळतं.

मुख्याध्यापिकेची खुर्ची

3 जुलै 1851 रोजी अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यात शाळा पुन्हा सुरू झाली. याच शाळेत सावित्रीबाई मुख्याध्यापिका होत्या. वय वीस. हाताखाली विष्णू मोरेश्वर आणि विठ्ठल भास्कर हे दोन सहशिक्षक. त्या काळात एका बाईच्या नेतृत्वाखाली दोन पुरुषांनी काम करायचं, हीच केवढी मोठी गोष्ट आहे! पहिल्या दिवशी फक्त आठ मुली आल्या होत्या. पुढे संख्या वाढत गेली. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला रास्ता पेठेत आणि 15 मार्च 1852 ला वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. म्हणजे आठ-नऊ महिन्यांत तीन शाळा.

आठ पटाची शाळा म्हटलं की आपल्यापैकी अनेकांच्या पोटात गोळा येतो. कमी पटाच्या शाळेचं भवितव्य काय, ही चर्चा आपण रोज ऐकतो. सावित्रीबाईंनी आठ मुलींनाही शाळाच मानलं आणि एकेक करत पट वाढवला. त्याचं फळ लवकरच दिसलं. 12 फेब्रुवारी 1853 ला पुण्यात या शाळांतल्या मुलींची जाहीर परीक्षा झाली. 237 मुली परीक्षेला बसल्या आणि ती बघायला तीन हजारांच्या वर लोक जमले. मुलींची परीक्षा बघायला एवढी गर्दी! ज्या गावाने घाण फेकली, त्याच गावातले लोक बघायला आले होते.

पैसा कुठून यायचा?

आता खर्चाचं बघू. मुख्याध्यापिका असूनही सावित्रीबाई पगार घेत नव्हत्या. शाळा सांभाळायला जोतिराव आणि त्यांच्या मित्रांची समिती होती. देणग्या गोळा केल्या जात. त्यात काही युरोपियन लोकही मदत करत. सरकारच्या दक्षिणा प्राइज फंडातून दरमहा 75 रुपये मिळू लागले. 16 नोव्हेंबर 1852 ला विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतिरावांचा शाल देऊन सत्कारही केला.

पण सत्काराने घर चालत नाही. 1854 पासून जोतिरावांनी स्कॉटिश मिशनच्या शाळेत अर्धवेळ नोकरी धरली. घरातला एक माणूस बाहेर काम करून चूल पेटती ठेवतो आणि दुसरा फुकट शाळा चालवतो, असा तो संसार होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. सावित्रीबाईंनी बिनपगारी काम केलं, हा त्यांचा त्याग. पण त्याचा अर्थ मुख्याध्यापकाने शाळेचा खर्च खिशातून करावा असा लावणं चुकीचं आहे. आज कितीतरी शाळांत अनुदान यायला उशीर झाला की खडू, वीजबिल, पोषण आहाराचा इंधन-भाजीपाल्याचा खर्च मुख्याध्यापक आधी स्वतः करतात. कुणी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत. फुले दांपत्याने सगळं स्वतःच्या खिशावर ठेवलं नव्हतं, हे विसरू नका. त्यांनी समिती केली, लोकांकडे मागितलं, सरकारकडे मागितलं, जाहीर परीक्षा घेऊन कामाचा हिशेब लोकांपुढे ठेवला. मागण्यात कमीपणा मानला नाही.

पैशाचं दुसरं तोंडही त्यांनी पाहिलं. 1857 च्या उठावानंतर युरोपियन लोकांकडून येणारी मदत आटली. समितीतही मतभेद झाले आणि जोतिराव त्या कामातून बाजूला झाले. पुढे समितीने मुलींच्या शाळा शिक्षण खात्याच्या स्वाधीन केल्या. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतिरावांनी निवेदन दिलं, तेव्हा त्या शाळा चालू होत्या. म्हणजे ज्यांनी सुरू केल्या ते बाजूला झाल्यावरही वीस-पंचवीस वर्षांनी त्या टिकून होत्या. पाया पक्का होता म्हणूनच ना!

माणसं आणि मन

सावित्रीबाई शाळेत जायला निघाल्या की रस्त्यात लोक शिव्या द्यायचे, शेण, चिखल, दगड मारायचे. त्या सोबत एक जादा लुगडं ठेवत. शाळेत गेल्यावर घाण झालेलं बदलायचं आणि शिकवायला उभं राहायचं. हा प्रसंग आपण सगळ्यांना सांगतो. पण एक बारीक गोष्ट राहून जाते. त्यांच्या सोबतीला बळवंत सखाराम कोल्हे नावाचे शिपाई दिले होते. त्यांच्या आठवणींतूनच हे प्रसंग आपल्यापर्यंत आले. म्हणजे हिला धैर्य आहे, हिचं ती बघेल, असं म्हणून कुणी तिला एकटं सोडलं नाही. धीट माणसालाही सोबत लागते.

आणि आता त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. 1856 मध्ये सावित्रीबाई आजारी पडल्या. नायगावला माहेरी जाऊन राहिल्या. 10 ऑक्टोबर 1856 ला त्यांनी तिथून जोतिरावांना पत्र लिहिलं. ते आजही वाचायला मिळतं. आपण आजारातून उठतोय, भावाने खूप सेवा केली, पूर्ण बरं वाटलं की पुण्याला येऊ, असं त्या कळवतात. आणि मग त्यांना आठवण होते ती शाळेची. आपण नसल्यामुळे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचं त्या लिहितात.

किती साधी ओळ आहे, पण विचार करा. अंथरुणावर पडलेली मुख्याध्यापिका आपल्या जागी काम करणाऱ्या सहकाऱ्याची काळजी करते. आपल्या रजेचा भार कुणाच्या डोक्यावर पडला हे तिला माहीत आहे. आणि ती सहकारी तक्रार करणार नाही हेही माहीत आहे, म्हणूनच तिची जास्त काळजी वाटते. दोन शिक्षकी शाळेत काम केलेल्या प्रत्येकाला ही ओळ कळेल. एक जण बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा आजारपणात गेला की दुसऱ्यावर चार वर्ग येतात.

त्याच पत्रात भावाशी झालेला वादही आहे. महार-मांगांना शिकवता म्हणून लोकांनी तुम्हाला वाळीत टाकलं, हे सोडून द्या, असं भावाचं म्हणणं होतं. सेवा करणारा भाऊच असं बोलला. सावित्रीबाईंनी आजारपणातही त्याला शांतपणे उत्तर दिलं. तुम्ही गाय-शेळीला जवळ घेता, नागपंचमीला नागाला दूध पाजता, मग माणसाला माणूस का मानत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. भावाला ते पटलं, आईला समाधान वाटलं. बाहेरच्या दगडापेक्षा घरच्या माणसाचा शब्द जास्त लागतो. तो त्यांनी भांडण न करता पेलला.

अशा शाळेचं फळ काय? मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ज्ञानोदयात छापून आला. तो वाचला की शाळेने मुलीला नुसतं वाचायला नाही, प्रश्न विचारायला शिकवलं होतं हे दिसतं. सावित्रीबाईंचा स्वतःचा काव्यफुले हा संग्रह 1854 चा. एवढ्या धबडग्यात त्यांनी स्वतःच्या मनासाठीही जागा ठेवली होती.

पुढचं आयुष्य

शाळेचं काम बाजूला झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत. 1863 मध्ये फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. तिथे जन्मलेल्या काशीबाईंच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत. 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. 1877 च्या दुष्काळात त्या जुन्नर भागात मदतकार्यात होत्या. ओतूरहून लिहिलेलं त्यांचं पत्र त्याची साक्ष देतं. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतिराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं. 1893 मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

1897 मध्ये पुण्यात प्लेग आला. डॉक्टर झालेल्या यशवंतरावांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना काढला. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्यांचं निधन झालं. वय होतं 66.

आज आपण काय करू शकतो?

मित्रांनो, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत 150 पेक्षा जास्त पट असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद आहे. खेड्यातल्या लहान शाळांत मग जो शिक्षक ज्येष्ठ असतो तोच प्रभारी मुख्याध्यापक होतो. वर्ग त्याचा, पोषण आहाराचा हिशेब त्याचा, ऑनलाइन माहिती त्याची, पालकांचा राग त्याच्यावर. त्याला आपण एवढं तरी देऊ शकतो :

1. कामं वाटून घ्या. एक नोंदवही एका शिक्षकाने सांभाळली तरी मोठा भार उतरतो.
2. शाळा व्यवस्थापन समितीपुढे खर्चाची खरी बाजू मांडा. गावाला माहीतच नसेल तर गाव मदत कशी करणार?
3. खिशातून झालेला खर्च लिहून ठेवा आणि मागा. मागण्यात लाज नाही.
4. मुख्याध्यापक रजेवर असतील तर त्यांना शाळेच्या कामासाठी फोन करू नका. आणि त्यांच्या जागी राबणाऱ्याला परत आल्यावर दोन शब्द चांगले बोला.
5. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दहा मिनिटं मुख्याध्यापकांच्या अडचणींसाठी ठेवा. नुसतं ऐकून घेतलं तरी मन हलकं होतं.

सावित्रीबाईंचं धैर्य त्यांचं स्वतःचं होतं. पण त्यांना वाडा देणारे भिडे आणि चिपळूणकर होते, घर देणारे उस्मान शेख होते, वर्ग सांभाळणाऱ्या फातिमा होत्या, रस्त्यात सोबत करणारे कोल्हे होते, आजारात सेवा करणारा भाऊ होता, आणि पाठीशी जोतिराव होते. ही माणसं नसती तर ती शाळा किती दिवस चालली असती?

येत्या जयंतीला फोटोला हार घालाल, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या तुमच्या मुख्याध्यापकांकडे एकदा बघा. कार्यक्रम झाल्यावर विचारा, सर, तुमचं कोणतं एक काम मी करू? मॅडम, तुम्ही जेवलात का?

लेख आवडला तर आपल्या केंद्रातल्या शिक्षकांना नक्की पाठवा.