‘ॲक्सिडेंट’ म्हटलं की १० सेंट दंड ! या डॉक्टरनं रस्त्यावरच्या मरणाकडं बघायची पद्धतच बदलली

काळाचा घाला. चालकाचा ताबा सुटला. दैव बलवत्तर म्हणून बचावले.

रस्त्यावर गाड्या आदळल्या की आपल्याकडची बातमी बहुतेक वेळा या तीनपैकी एका साच्यात जाऊन बसते. पहिल्यात दोष काळाचा, दुसऱ्यात ड्रायव्हरचा आणि तिसऱ्यात श्रेय नशिबाचं. रस्ता कसा होता, गाडी कशी होती, हे प्रश्न तिन्हीत येत नाहीत.

त्यातही गंमत बघा. घाटात पाटी असते, ‘अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा’. म्हणजे गाड्या कुठं आदळणार हे पाटी लावणाऱ्याला आधीच माहिती असतं. तरी तिथं माणूस गेला की आपण म्हणतो अपघात झाला, म्हणजे ध्यानीमनी नसताना, अचानक काहीतरी घडलं.

या विसंगतीवर मनापासून चिडणारा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. विल्यम हॅडन. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं रस्ता सुरक्षेसाठी जी यंत्रणा उभी केली, तिचा पहिला प्रमुख. त्याच्याबद्दल असं सांगतात की समोर कुणी ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द उच्चारला की त्यानं १० सेंट काढून द्यायचे. आपल्याकडं इंग्रजी माध्यमाच्या काही शाळांत मराठी बोललं की दंड घेतात, साधारण तसाच प्रकार. शब्द होता ‘क्रॅश’, तोच वापरायचा.

आता एका शब्दासाठी एवढं कशाला, असं वाटेल. त्यासाठी हा गडी मुळात कोण होता ते बघावं लागतं.

हॅडनचा जन्म १९२६ चा, न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावचा. एमआयटीतून पदवी घेतली, मग हार्वर्डमधून १९५३ साली डॉक्टर झाला. दवाखाना टाकून बसला असता तर आज त्याच्यावर कुणी लिहिलं नसतं. पण तो पुन्हा हार्वर्डलाच गेला आणि सार्वजनिक आरोग्य शिकला. त्याच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ या शिक्षणात आहे.

साथीचे रोग अभ्यासणारा माणूस मलेरियाच्या रुग्णाला, तू डास का चावून घेतलास, असं विचारत नाही. तो डबकी शोधतो, डासांची पैदास बघतो, जाळ्या लावतो, औषध देतो. हॅडनचं म्हणणं असं की रस्त्यावर मरणाऱ्यांकडंही याच नजरेनं बघा. अमेरिकेत तेव्हा वर्षाला हजारोंनी माणसं रस्त्यावर मरत होती. एखाद्या तापानं एवढी माणसं गेली असती तर देश हादरला असता. गाड्यांनी गेली म्हणून तो ‘ॲक्सिडेंट’ झाला.

पन्नासच्या दशकात तो न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात लागला आणि मोजमाप करायला लागला. एकट्याच गाडीच्या धडकेत मेलेल्या चालकांच्या रक्ताचा अभ्यास त्यानं १९५९ साली प्रसिद्ध केला. जवळपास निम्म्या चालकांच्या रक्तात दारूचं प्रमाण खूपच जास्त निघालं.

पण त्याचा खरा भारी अभ्यास पुढचा. मॅनहॅटनमध्ये गाडीखाली येऊन मेलेल्या ५० प्रौढ पादचाऱ्यांची माहिती घेतली. हे लोक म्हातारे होते, काही प्यालेले होते, इथवर कुणीही सांगेल. हॅडनचा प्रश्न पुढचा होता. त्या रस्त्यावर त्या वेळेला चालणारे सगळेच तसे असतात का ? मग त्याची टीम प्रत्येक जागेवर गेली, आठवड्याच्या त्याच वारी, त्याच वेळेला. मरण रात्री उशिरा झालं असेल तर रात्री उशिरा. तिथून जाणारे पहिले ४ प्रौढ पादचारी थांबवायचे, विचारपूस करायची, श्वासातली दारू तपासायची. ५० मेलेले आणि त्यांच्यासमोर २०० जिवंत. १९६१ साली हा अभ्यास छापून आला आणि त्यात दिसलं की मरणारे लोक तिथल्या बाकीच्या चालणाऱ्यांपेक्षा खरंच वेगळे होते. एक गट वयस्करांचा, दुसरा दारू प्यालेल्यांचा.

याचा अर्थ समजून घ्या. कोण मरणार, कुठं आणि कधी मरणार, याचा अंदाज बांधता येत होता. ज्याचा अंदाज बांधता येतो ते ‘अचानक’ कसं ?

याच काळात अल्बनीतल्या सरकारी वर्तुळात त्याची गाठ डॅनियल पॅट्रिक मोइनिहान याच्याशी पडली. हा पुढं अमेरिकेचा मोठा सिनेटर झाला, तेव्हा गव्हर्नरच्या कार्यालयात होता. हॅडननं त्याच्याकडं रस्ता सुरक्षेच्या दाव्यांमागची आकडेवारी मागितली. ती धड नव्हती. पण दोघांची दोस्ती झाली आणि मोइनिहाननं १९५९ साली महामार्गांवरच्या या साथीबद्दल गाजलेला लेख लिहिला. पुढं मोइनिहान वॉशिंग्टनला गेला आणि तिथं त्यानं एका तरुण वकिलाला कामावर घेतलं. त्याचं नाव राल्फ नेडर. मोटार कंपन्यांची झोप उडवणारं पुस्तक १९६५ साली लिहिणारा तोच हा नेडर.

तोवर अमेरिकेत सुरक्षेचा सगळा भर होता ड्रायव्हरला सुधारण्यावर. पोस्टर लावा, शपथा द्या, शाळेत गाडी शिकवा. मोटार कंपन्यांना ही व्यवस्था सोयीची होती, कारण ड्रायव्हर चुकला की गाडीकडं कुणी बघत नव्हतं. आणि गाडी कशी होती ? स्टिअरिंगचा दांडा पोलादी आणि ताठ. समोरून धडक बसली की भाल्यासारखा थेट छातीत. डॅशबोर्डवर कडक धातू, टोकदार बटणं. ड्रायव्हरची चूक एका क्षणाची असायची, शिक्षा मात्र कंपनीनं आधीच बनवून ठेवलेली असायची.

हॅडननं इथं एक साधी गोष्ट पकडली. माणसाला इजा चुकीमुळं होत नाही, ऊर्जेमुळं होते. वेगात असलेल्या शरीरातली ऊर्जा एका झटक्यात कुठंतरी जिरते आणि शरीराला ती सोसत नाही. चूक थांबवता आली तर उत्तमच, पण नाही थांबली तरी ती ऊर्जा अडवता येते, पसरवता येते, हळूहळू जिरवता येते. देवगडचा हापूस मुंबईला पाठवताना बागायतदार ट्रक ड्रायव्हरला खड्डे चुकव म्हणून सांगतो, पण त्याच्या भरवशावर बसत नाही. पेटीत पेंढा भरतो.

हे सगळं मूळ हॅडनचं नव्हतं हेही सांगायला हवं. जेम्स गिब्सन या मानसशास्त्रज्ञानं इजेचं कारण ऊर्जा असं आधी मांडलं होतं. ह्यू डी हेवन यानं उंचावरून पडून वाचलेल्या लोकांचा अभ्यास १९४२ साली केला होता. हॅडननं हे तुकडे जोडले आणि मुख्य म्हणजे सरकारी आदेशात उतरवले.

ती संधी आली १९६६ साली. त्या वर्षी अमेरिकेच्या रस्त्यांवर ५० हजारांहून जास्त माणसं मेली. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सननं वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली आणि नव्या यंत्रणेच्या प्रमुखपदी चाळिशीतला हॅडन आला. खुर्चीवर बसल्यावर काही महिन्यांत पहिली मानकं काढायची होती. पट्टे, दबणारा स्टिअरिंग दांडा, मऊ डॅशबोर्ड, माणसाचं डोकं फोडणार नाही अशी काच. मसुद्यात २३ मानकं होती. कंपन्यांनी आरडाओरडा केला आणि जानेवारी १९६७ मध्ये प्रत्यक्षात निघाली २०. नेडर आणि त्याच्या बाजूचे लोक भडकले, हॅडन कंपन्यांपुढं झुकला असा आरोप झाला. आरोपात तथ्य होतं. पण जी २० निघाली त्यांनीही अमेरिकन गाडी आतून बदलून गेली, हेही तितकंच खरं.

आता येऊया शब्दाकडं.

‘ॲक्सिडेंट’ला विरोध केला की समोरून ठरलेलं उत्तर येतं. कुणी मुद्दाम थोडंच करतं ? बरोबर आहे, मुद्दाम करत नाही. पण मुद्दाम नसणं आणि टाळता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द दोन्ही एकाच पिशवीत टाकतो. हॅडनला राग होता तो याचा. शब्दात नशीब आलं की माणूस हळहळतो आणि पुढं जातो. ‘क्रॅश’ फक्त घडलेलं सांगतो, दोन वस्तू आदळल्या. का आदळल्या, हा प्रश्न उघडा राहतो.

गमतीचा भाग म्हणजे १९६४ साली त्यानं दोघांसोबत जो जाडजूड ग्रंथ संपादित केला, त्याच्या नावातच ‘ॲक्सिडेंट’ आहे. सवय मोडायला वेळ लागतो.

शब्द काढून टाकला तर त्या जागी काय ठेवायचं, हेही त्यानं दिलं. १९६८ च्या आसपास मांडलेला त्याचा तक्ता आज ‘हॅडन मॅट्रिक्स’ म्हणून जगभर शिकवतात. आपलं उदाहरण घेऊ. रात्री हायवेवर बंद पडलेल्या ट्रकला मागून दुचाकी धडकली. तीन आडव्या ओळी, धडकेच्या आधी, धडकेच्या वेळी, धडकेनंतर. तीन उभे रकाने, माणूस, वाहन, परिसर. आधी : दुचाकीस्वार पेंगत होता का, ट्रकला मागं रिफ्लेक्टर होते का, तिथं दिवे किंवा ट्रक बाजूला घ्यायला जागा होती का. वेळी : डोक्यावर हेल्मेट होतं का, ट्रकच्या मागं दुचाकी खाली घुसू नये म्हणून आडवी पट्टी होती का, कडेला काय होतं. नंतर : रक्तस्राव किती, गाडीनं पेट घेतला का, ॲम्ब्युलन्स किती वेळात आली. झाली नऊ घरं. ‘चालकाचा ताबा सुटला’ यातलं फक्त एक घर भरतं.

१९६९ मध्ये निक्सनचं सरकार आलं आणि हॅडन बाहेर पडला. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेचा तो अध्यक्ष झाला आणि शेवटपर्यंत तिथंच राहिला. तिथं त्याच्या टीमनं केलेला एक प्रयोग आजच्या जाहिरात विभागांनी जरूर वाचावा. एका शहरात केबल टीव्हीची दोन वेगळी जाळी होती. एका जाळ्यावरच्या घरांना नऊ महिने सीटबेल्टच्या उत्तम जाहिराती दाखवल्या, दुसऱ्या घरांना दाखवल्या नाहीत. मग रस्त्यावर उभं राहून कोण बेल्ट लावतंय ते मोजलं. दोन्हीकडं फरक शून्य.

यावरून हॅडननं निष्कर्ष काढला की माणसाच्या वागण्यावर विसंबू नका, त्यानं काहीच न करता वाचवणारी साधनं द्या. म्हणजे एअरबॅग. आणि इथंच त्याची बाजू लंगडी पडते. जाहिरातीनं लोक बेल्ट लावत नाहीत हे खरं, पण कायद्यानं लावतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं १९७० च्या अखेरीस बेल्ट सक्तीचा केला आणि तिथले मृत्यू घटले. अमेरिकेत एअरबॅगचं भांडण सरकार, कंपन्या आणि कोर्टात वर्षानुवर्षं चाललं आणि बेल्टसक्तीचा पहिला राज्य कायदा न्यूयॉर्कमध्ये आला तो १९८४ साली. या उशिराचा सगळा दोष हॅडनचा नाही. पण ड्रायव्हरला दोष देणाऱ्यांशी भांडता भांडता ड्रायव्हरकडून काही करून घेता येतं, यावरचाच त्याच्या गोटाचा विश्वास उडाला होता.

हॅडनचा एक धागा थेट भारतात येतो. सत्तरच्या दशकात त्याच्या संस्थेत काम करणारे दिनेश मोहन पुढं आयआयटी दिल्लीत आले. हेल्मेट, पादचारी, अगदी शेतातल्या मळणी यंत्रात तुटणारे हात, यांचा त्यांनी याच पद्धतीनं अभ्यास केला. २०२१ साली ते गेले.

मराठीत मात्र पेच वेगळा आहे. ‘अपघात’ या शब्दाच्या मुळात नशीब नाहीच. घात म्हणजे आघात, इजा. पण वापरात नशीब घुसलंय, म्हणून तर एखादा माणूस ‘अपघातानंच’ राजकारणात आला असं आपण म्हणतो. बरं, ‘क्रॅश’साठी आपल्याकडं ‘धडक’ आहे. मग हेडिंग येतं, ‘उभ्या ट्रकला दुचाकीची धडक’. शब्द अगदी हॅडनला हवा तसा, पण मेलेला दुचाकीस्वारच कर्ता ठरला आणि अंधारात दिवा न लावता उभा केलेला ट्रक बिचारा झाला.

हॅडन ४ मार्च १९८५ रोजी वॉशिंग्टनमध्ये वारला. वय ५८. मूत्रपिंडाच्या आजारानं गेला. ज्या एअरबॅगसाठी तो भांडला, ती अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींत सक्तीची व्हायला १९९८ सालची मॉडेल्स यावी लागली. शब्दाचं कामही त्याच्यामागंच पुढं सरकलं. प्राणघातक धडकांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेच्या नावात ‘ॲक्सिडेंट’ होतं, ते नव्वदच्या दशकात काढलं, आद्याक्षरं तीच राहतील अशा बेतानं. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं आपल्या पानांवरून या शब्दाला रजा दिली.

भारतात भरपाई मागायला लोक आजही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात. आणि केंद्र सरकारच्या ज्या वार्षिक अहवालात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेल्याची नोंद आहे, त्याचं नाव आहे ‘रोड ॲक्सिडेंट्स इन इंडिया’.